सात उघडे डबे

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आले, चपला काढल्या आणि आधी फ्रिज उघडला. कंडेन्स्ड मिल्कचे सात डबे. सातही उघडे, प्रत्येकातले दोन-दोन चमचे गेलेले, बाकी सगळे भरलेले. सोमवारी मी हाच कप्पा रिकामा करून, पुसून ठेवला होता. चार दिवसांत सात म्हणजे बाबांनी कधी सकाळी एक उघडला होता, कधी दुपारी आणखी एक.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता धाकटा भाऊ येणार होता. तो कुणाच्याही घरी गेला की पाणी मागायच्या आधी फ्रिज उघडतो. लहानपणापासूनची खोड आहे ती. आई ओरडून ओरडून दमली, बायकोनेही हात टेकले.

बाबा एकतीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. बोटीवर ताजं दूध टिकत नाही, म्हणून कॉफीत हे डब्यातलं गोड दूध. आणि तिथला नियम असा, की उघडलेला डबा मागे ठेवायचा नाही. झुरळं होतात, बोट कलली की सांडतो, आणि उघड्या पत्र्यातलं खाऊन कुणाचं पोट बिघडलं तर भर समुद्रात डॉक्टर कुठून आणणार? चाळीस माणसांच्या कॉफीत पाच-सहा डबे एका फेरीत संपायचे, त्यामुळे शिल्लक राहायचा प्रश्नच नव्हता. आता माणसं दोन. पण बाबा पहाटे पाचला उठून माझ्यासाठी कॉफी करतात तेव्हा हात जुनाच असतो. डबा घ्यायचा, फोडायचा, दोन चमचे घालायचे. कालचा डबा फ्रिजमध्ये आहे हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. आता बरंच काही राहत नाही.

मग डबे लपव की, असं आमच्या लॅबमधली रिसेप्शनवाली मला म्हणाली होती. शहाणी माणसं जगात कमी नाहीत. लपवले होते. गेल्या महिन्यात सगळे भरलेले डबे माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवले आणि कुलूप लावून कामावर गेले. बाबांनी स्वयंपाकघर पालथं घातलं, डबा मिळेना म्हणून घरातल्या चपलांवर बाहेर पडले, आणि चार मिनिटांवरच्या दुकानात निघालेला माणूस अडीच तास सापडला नाही. शेवटी बस डेपोच्या मागे, गाड्या धुतात तिथे एका टायरवर बसलेले दिसले. मला बघून म्हणाले, "दुकान हलवलंय वाटतं यांनी." त्या दिवसापासून डबे शेल्फवर समोर असतात. संपायच्या आत दुकानदार नवीन पाठवतो. उघडू देत हवे तेवढे, पण घरात राहू देत.

हे मी धाकट्याला सांगितलं नव्हतं. तो सहा तासांवर राहतो आणि दर रविवारी फोन करतो. मी म्हणते, सगळं ठीक. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण त्याने बाबांसाठी एक जागा बघून ठेवली होती, वृद्धाश्रमात. वाईट नव्हती, उगाच का खोटं बोलू? स्वच्छ होती, नर्स होती, खिडकीतून झाडं दिसायची. एका खोलीत चार खाटा. माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. दुसऱ्या पानावर तळाशी लिहिलं होतं की रहिवाशांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. ते एक वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. बाबा स्वयंपाकघराबाहेर कधीकधी माझं नाव विसरतात, पण ओट्यासमोर उभे राहिले की त्यांना सगळं येतं. त्यांना तिथून बाहेर काढलं तर मागे काय उरणार, हे मला दिसत होतं.

तिथली खाट सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. धाकटा म्हणाला होता, "ताई, मी शनिवारी येऊन स्वतः बघतो. ठीक असतील तर राहू देत तुझ्याकडे, मी नाही म्हणून कळवतो. नसतील तर मात्र तू हट्ट करायचा नाहीस." म्हणजे बाबांचं सगळं त्या फ्रिजच्या कप्प्यावर आलं होतं. सात उघडे डबे बघितल्यावर कुठल्याही माणसाला काय कळायचं ते कळतं.

टाकून द्यायचे होते की, असं वाटेल. कचऱ्यात टाकता येत नव्हते, कारण बाबा रोज कचऱ्याची बादली बघतात. तीही बोटीवरचीच सवय. स्वयंपाक्याने जेवणं झाल्यावर आधी बादली बघायची, म्हणजे लोकांना काय आवडलं नाही ते न विचारता कळतं. बेसिनमध्ये एकदा ओतलं होतं, तर पाइप असा तुंबला की प्लंबरने वर हात करून विचारलं, बाई, यात सिमेंट घातलंत का? राहिली रस्त्यावरची कचरापेटी. तिथपर्यंत एकदा गेलेही होते पिशवी घेऊन. पण मी स्वयंपाक्याची मुलगी आहे. खोटं बोलायला मला जमतं, अन्न टाकायला जमत नाही.

म्हणून बाबा माझ्याकडे आल्यापासून अकरा महिने मी ते संपवत होते. पावाला लावून, केळ्यावर घालून, काहीच नसलं तर उभ्या उभ्या चमच्याने. आधी लॅबमध्ये न्यायचे. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते, दुसऱ्या महिन्यात सगळे अचानक डाएटवर गेले. मी रक्त घेते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सकाळी साडेसहापासून माणसं उपाशीपोटी रांगेत बसलेली असतात आणि मी दंडाला पट्टा बांधता बांधता प्रत्येकाला सांगते, गोड कमी करा. आणि घरी येऊन अर्धा डबा चाटते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन आठवड्यांपूर्वी रिसेप्शनवालीने मला जबरदस्तीने खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या मुलीला माझंच रक्त घ्यायला लावलं. उपाशीपोटी साखर एकशे अडतीस आली. रिपोर्ट पर्समध्ये आहे, घडी करून.

तर शुक्रवार. सकाळपासून त्र्याऐंशी माणसांच्या शिरा शोधल्या होत्या. टाचा ठणकत होत्या. मी ओटा पुसला, सातही डबे बाहेर काढून मांडले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मागच्या आठवड्याचं दूध ओतलेली मोठी बरणी होती, ती आधीच काठोकाठ भरलेली. एका केकमध्ये दोन डबे जातील असा हिशोब केला. उरलेल्या पाचांचं काय करायचं हे सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच सुचत नव्हतं. त्याच ओट्यावर डोकं टेकवून झोपावं एवढंच वाटत होतं.

बाबा मागून आले. चष्मा कपाळावर होता. डब्यांकडे बघितलं, एकेका डब्यावर बोट ठेवत गेले.

"एवढे डबे कोणी फोडले?"

"मी," मी म्हटलं. "केक करायचाय. उद्या धाकटा येतोय."

"सातांचा केक?"

"चुकून फोडले हो जास्त."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग "हं," एवढंच म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या वर करून हात धुवायला लागले, कोपरापर्यंत, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून. हात पुसले आणि विचारलं, "माणसं किती?"

"तीन."

"तीन माणसांना सात डबे. तू बोटीवर असतीस तर कॅप्टनने तुला पुढच्या बंदरात उतरवलं असतं." आणि मला खांद्याला धरून बाजूला केलं. "जाड बुडाचं पातेलं दे. ते नाही, त्यात बुडाला लागतं. त्याच्या मागचं."

पुढचा दीड तास मी काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. मी वस्तू देत होते. त्यांनी तीन डबे पातेल्यात ओतले, लोण्याचा तुकडा टाकला, चिमूटभर मीठ टाकलं आणि लाकडी उलथनं घेऊन मंद आचेवर ढवळायला लागले. टॉफी करायची होती. ढवळताना ते बुडाकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. बुडाला लागतंय की नाही ते मनगटाला कळतं म्हणाले. दुसऱ्या शेगडीवर दोन डबे पाणी घालून पातळ केले, त्यात कालचे उरलेले पाव मोडून घातले, अंडी फोडली, एका हाताने, टरफलाचा कणसुद्धा पडला नाही. ते ओव्हनमध्ये गेलं. राहिलेल्या दोन डब्यांचा केक. मला म्हणाले, "अंडी फेटत राहा, थांबू नकोस." थोड्या वेळाने वळून बघितलं, तर मी फेटायची थांबले होते, भिंतीला टेकून डोळे मिटले होते. त्यांनी भांडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः फेटलं.

पंचाहत्तर वर्षांचा माणूस तीन भांडी एकदम सांभाळत होता आणि एकही जळू देत नव्हता. उद्या हेच धाकट्याला दिसलं तर, असं माझ्या मनात आलं. मग आठवलं, की हाच माणूस उद्या पहाटे पाचला आठवा डबा फोडेल. एवढं सगळं येतं आणि एवढं एक येत नाही, याचा मला त्या क्षणी इतका राग आला, की मी रिकामे डबे धुवायला घेतले आणि पत्रा दाबून दाबून चपटा केला. राग बाबांचा नव्हता. पण काढायला डबेच समोर होते, म्हणून त्यांच्यावर काढला. चपटे डबे माझ्या कामाच्या पिशवीत तळाशी घातले.

टॉफी ताटात थापून झाली. बाबांनी सुरीला लोणी लावून वड्या कापल्या, सगळ्या एका मापाच्या. एक माझ्या तोंडापुढे धरली. मला गोडाचा वास नको झाला होता, अति तेथे माती म्हणतात तशी गत होती माझी. तरी खाल्ली. चांगली झाली होती.

शनिवारी पहाटे बाबांच्या आधी मी उठले, पण उपयोग झाला नाही. मी तोंड धुऊन येईपर्यंत डबा फुटला होता. दोन चमचे कॉफीत, बाकी ओट्यावर. मी तो बरणीमागे सरकवला. एक डबा काय, प्रत्येक घरात असतो. शनिवारची सुट्टी मी घेतली होती, अकरा महिन्यांतली दुसरी. पहिली ते हरवले त्या दिवसाची, अर्धी.

धाकटा दहाला आला. वाकून नमस्कार करायच्या आत फ्रिज उघडला. आत भाजी, अंडी, केक, पुडिंग, टॉफीचा डबा. त्याचा चेहरा असा खुलला, की मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

"हे सगळं तू केलंस?"

"बाबांनी केलं. काल संध्याकाळी. मी नुसती उभी होते."

हे तर अगदी खरं होतं. त्याने उभ्यानेच केकचा तुकडा तोडला. बाबा टेबलापाशी बसले होते. त्यांनी त्याला नावाने हाक मारली, मुलांची चौकशी केली, मोठ्याच्या दाताच्या तारांबद्दल विचारलं. तारांची आठवण मीच आदल्या दिवशी करून दिली होती, पण ती त्यांनी लक्षात ठेवली. आम्ही जेवलो. बाबांनी मीठ कमी आहे म्हणून मला टोमणा मारला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की धाकट्याने जेवण झाल्यावर खुर्ची मागे सरकवली, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, मी उगाच घाबरलो होतो बघ. तुझं तर मस्त चाललंय. मी त्या लोकांना कळवून टाकतो, खाट नको म्हणून. तीन वाजता निघतो, म्हणजे अंधार पडायच्या आत घरी."

आणि त्याने फोन काढला.

जिंकले होते मी. याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला समोर सोमवार दिसला, मग मंगळवार, मग पुढचं अख्खं वर्ष, रोजचे दोन डबे, रोजची साडेसहाची ड्यूटी, दुपारी अडीचला फोन करून 'बाबा, घरीच आहात ना' विचारणं. त्याचं बोट फोनवर फिरत होतं आणि मला वाटत होतं की कुणीतरी त्याला थांबवावं. मी स्वतः थांबवणार नव्हते. मी उठले आणि ताटं उचलायला लागले, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

"थांब," बाबा म्हणाले. मला वाटलं मला म्हणतायत. ते धाकट्याकडे बघत होते. "फोन ठेव. आधी चार्ज घे."

"कसला चार्ज, बाबा?"

बाबा उठले, हात धुतले, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले, ताठ. बोटीवर स्वयंपाक्याची बदली व्हायची तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला असं उभं राहून सगळं तोंडी सांगायचा. काय भरलेलं आहे, काय संपलंय, काय बिघडलंय. काही लपवायचं नाही, कारण पुढचं बंदर लांब असतं. हे त्यांनीच आम्हाला कधीतरी सांगितलेलं. त्या क्षणी ते धाकट्याला मुलगा म्हणून ओळखत होते की बदलीचा माणूस समजत होते, मला अजूनही सांगता येणार नाही.

"उशीर केलास तू यायला," ते म्हणाले. "असो. गॅसचं एक सिलिंडर भरलेलं, एक चालू. पाण्याची मोटर सकाळी सहाला, विसरायची नाही. मागच्या शेगडीची कळ सैल आहे, दाबून बंद करायची. दुधाचे डबे शेल्फवर नऊ. उघडा एक, त्या बरणीमागे."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटं तशीच धरून उभी होते.

"काल सात उघडे होते," बाबा म्हणाले. "ते हिने फोडले नव्हते. मी फोडतो. फोडला की मग आठवतं, कालही फोडला होता. आधी नाही आठवत. ती सांगते, 'मी फोडले', आणि खाऊन संपवते. लहानपणी केकवरची साखरसुद्धा खरवडून ठेवायची ही, गोड आवडत नाही म्हणून. मी बोलत नाही. बोललो तर तिला वाईट वाटेल."

"बाबा," मी म्हटलं.

"मध्ये बोलू नकोस, चार्ज देतोय. मागच्या महिन्यात मी रस्ता चुकलो. दुकान हललं नव्हतं, मीच चुकलो. अडीच तास. हे तुला तिने सांगितलं नसणार."

"नाही सांगितलं," धाकटा हळूच म्हणाला. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला होता.

"माणसं," बाबा म्हणाले आणि जरा थांबले. बहुतेक आठवत होते, नाहीतर श्वास घेत होते. "माणूस एकच. पहाटे पाचपासून. अकरा महिने, धड एक सुट्टी नाही. काल उभ्या उभ्या झोपली, हातात अंड्याचं भांडं होतं. बोटीवर असं कुणाला ठेवत नाहीत. हात कापतात, भाजतात, दुसऱ्याचंही नुकसान करतात. बदली देतात. बदली वेळेवर यावी लागते." त्यांनी टॉवेल धाकट्याच्या खांद्यावर टाकला. "घे."

"बाबा, मला तीनला निघायचंय."

"चार्ज घेतलेला माणूस निघत नसतो," बाबा म्हणाले, साध्या आवाजात, जसं काही त्याला हे माहीतच असायला हवं होतं.

धाकटा माझ्याकडे वळला. "ताई, हे खरंय?"

सांगायला उत्तरं खूप होती. बाबांचं डोकं हल्ली असंच चालतं, मनाला लावून घेऊ नकोस, हे मी म्हणू शकले असते आणि त्याने विश्वासही ठेवला असता. त्याला ठेवायचाच होता. मी ताटं खाली ठेवली.

"हो," मी म्हटलं. "सगळं खरं आहे. मी थकले रे. मला होत नाही आता."

अकरा महिन्यांत हे मी कुणाला, स्वतःलासुद्धा, मोठ्याने म्हटलं नव्हतं. खांद्यावरचा टॉवेल धाकट्याने काढला नाही, दोन्ही हातांनी धरून बसला. मग त्याने बायकोला फोन केला, मी आज येत नाही, उद्याही नाही, ऑफिसात कळव, बाकीचं मग सांगतो. एवढं बोलून त्याने ताटं उचलली आणि नळ सोडला. त्याला भांडी घासता येत नाहीत, साबण फार घेतो.

बाबा माझ्यासमोर येऊन बसले. खूप चालून आल्यासारखे दमलेले दिसत होते. टेबलावर माहितीपत्रक पडलं होतं, धाकट्याने सकाळी काढून ठेवलेलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

"चार खाटांची खोली," ते म्हणाले. "वाचलंय मी. मला काही होत नाही, मी जाईन. पण आज नको. आज तू झोप."

नाही बाबा, असं कसं म्हणता, तुम्ही कुठेही जाणार नाही. एवढं म्हणायचं होतं. अकरा महिने मी याच वाक्यासाठी जगत होते. वाक्य जिभेवर आलं, मी त्यांच्याकडे बघितलं, ते वाट बघत होते.

"बरं," मी म्हटलं.

आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाले, दुपारी अडीच वाजता, पडदा न ओढता. लाज वाटायला हवी होती. ती वाटायच्या आत झोप लागली.